वडिलोपार्जित ठासणीच्या बंदुकीची रास्त किंमत कशी ठरवावी?

वाचक भगिनीचे पत्र (थोडक्यात): सदाशिव पेठेतील आमचा जुना वाडा पुनर्विकासासाठी गेला असून वडिलांच्या पश्चात मी आणि माझे थोरले बंधू अशा दोघांत घरातील वस्तूंची वाटणी चालू आहे. पणजोबांपासून चालत आलेली एक ठासणीची लष्करी बंदूक वडिलांच्या परवान्यावर होती. त्यांच्या निधनानंतर दादाने ती कॅम्पातील परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर जमा केली. बंदूक दादाने ठेवावी आणि निम्म्या किमतीची रक्कम मला द्यावी, एवढे ठरले आहे. पण किंमत किती, यावर गाडे अडले आहे. घोड्याजवळच्या लोखंडी पट्टीवर मुकुट, ‘टॉवर’ हा शब्द आणि १८५६ हे साल आहे. नळी दस्त्याला तीन कड्यांनी बांधलेली आहे. छायाचित्र पाहून जुन्या बाजारातील एकाने पंधरा हजार सांगितले, दादाचे स्नेही लाखभर म्हणतात आणि अमेरिकेतील भाच्याने तिकडची अडीच लाखांची जाहिरात पाठवली आहे. ही १८५७ च्या उठावातील बंदूक आहे, असे घरात पूर्वीपासून सांगतात. रास्त किंमत कशी काढावी? आणि त्याआधी ती घासून पॉलिश करून घ्यावी काय?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तेथे होणारे नुकसान पुन्हा भरून येत नाही. बंदूक घासू नका, पॉलिश करू नका, दस्त्याला व्हार्निश लावू नका. तांब्यापितळेची भांडी चिंचेने लखलखीत करावीत तशी अनेक घरांत जुनी शस्त्रे घासली जातात, आणि त्या एका दुपारी दीडशे वर्षांत लोखंडावर आलेली तपकिरी छटा, दस्त्यावरचे तपासनिसांचे ठसे आणि पट्टीवरच्या अक्षरांच्या कडा नाहीशा होतात. संग्राहक जिचे पैसे मोजतो ती वस्तू नेमकी तीच असते. चालू गंज थांबवण्यासाठी विक्रेत्याकडील कारागिराने हलक्या तेलाचा हात फिरवला तर तेवढे पुरे आहे.

याच कारागिराकडून दुसरे एक काम मूल्यांकनाच्या आधी करून घ्यावे. ठासणीच्या बंदुका कित्येकदा बार भरलेल्या अवस्थेतच भिंतीला टांगल्या गेल्या, आणि आत कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक दशकांनंतरही पेट घेऊ शकते. नळीच्या आतली खोली आणि बाहेरून तोंडापासून टोपी (घोडा आपटताच बार पेटवणारी छोटी धातूची टोपी) बसवण्याच्या जागेपर्यंतची लांबी यांत चांगला इंचभर किंवा अधिक फरक आढळला, तर आत काहीतरी बसलेले आहे असे समजावे. हे मोजमाप आणि गरज पडल्यास बार काढणे ही दोन्ही कामे परवानाधारक कारागिराचीच आहेत. कुटुंबातील कोणीही गज घालून पाहू नये, आणि तपासणी होईपर्यंत कोणी घोडाही ओढून पाहू नये.

आता किमतीकडे वळतो. तुमच्यासमोरचे तीन आकडे एकाच गोष्टीचे तीन अंदाज नाहीत, त्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून त्यांची सरासरी काढून मध्यावर येण्याचा विचार कोणी सुचवला तर तो मान्य करू नका. पंधरा हजार हा खरेदी करू पाहणाऱ्याचा, तोही प्रत्यक्ष वस्तू न पाहता सांगितलेला आकडा आहे, आणि शस्त्रविक्रीचा परवाना नसलेल्या माणसाला बंदूक विकणे हा गुन्हा ठरू शकतो, त्यामुळे तो आकडा विचारातच घेऊ नये. लाख रुपये हे स्नेह्यांचे ऐकीव मत आहे. अडीच लाख ही एका परक्या देशातील विक्रेत्याची अपेक्षा आहे, आणि अपेक्षा पूर्ण झाली की नाही हे जाहिरात सांगत नाही. कित्येक जाहिराती वर्षानुवर्षे तशाच राहतात, कारण त्या किमतीला कोणी घेत नाही. भाच्याला काही पाठवायचेच असेल, तर त्याने जाहिराती न पाठवता लिलावांत प्रत्यक्ष सौदा पूर्ण झालेल्या किमती पाठवाव्यात, आणि त्या किमतीत लिलावगृहाचे खरेदीदाराकडून घेतले जाणारे अधिमूल्य धरले आहे की नाही तेही कळवावे. हे अधिमूल्य बोलीच्या पाव हिश्शाच्या घरात जाऊ शकते आणि विकणाऱ्याच्या हाती त्यातले काहीच पडत नाही.

तरीही अमेरिकेतील किंमत तुमच्या वाटणीला लागू होत नाही, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. वस्तूची रास्त किंमत ही ती जेथे कायदेशीरपणे विकता येते त्या बाजारातली किंमत असते. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार १८९८ पर्यंत बनलेली बंदूक पुराणवस्तू मानली जाते आणि सर्वसाधारण बंदुकांचे निर्बंध तिला लागत नाहीत. त्यामुळे तेथे ग्राहक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या यादवी युद्धाची प्रात्यक्षिके करणारी हौशी मंडळी याच नमुन्याच्या बंदुका शोधत असतात. तुमची बंदूक त्या बाजारात पोहोचूच शकत नाही. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची, शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. येथील ग्राहक म्हणजे परवाना बाळगणारे किंवा कायद्याने तशी वस्तू घेण्यास पात्र असलेले संग्राहक, परवानाधारक विक्रेते आणि क्वचित एखादे संग्रहालय. ग्राहक थोडे म्हणून किंमत कमी, हे ऐकायला कटू वाटले तरी खरे आहे. मात्र त्याची दुसरी बाजू दादांनाही सांगावी लागेल: ग्राहक थोडे असले तरी खरी, न बदललेली, कागदपत्रांसह असलेली लष्करी बंदूक येथे सहजी मिळत नाही, त्यामुळे तिला भंगाराचा भाव लावणे तितकेच अन्यायाचे होईल.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून ही १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड, म्हणजे ब्रिटिश सैन्याची ठासणीची रायफल, असावी, असा माझा तर्क आहे. पण तर्कावर पैसे मोजले जात नाहीत, म्हणून तो पडताळून घ्यावा. या नमुन्याची नळी ३९ इंच, म्हणजे सुमारे ९९ सेंटिमीटर असते, आणि एकूण लांबी साधारण ५५ इंच भरते. नळीला तीन कड्या असतात. दोन कड्यांची, ३३ इंच नळीची आखूड आवृत्ती वेगळी. नळीचा आतला व्यास .५७७ इंच, म्हणजे सुमारे १४.७ मिलिमीटर असतो, आणि आत तीन आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचा, असतात. नेम धरण्यासाठीची मागची नेमपट्टी शिडीसारखी उभी होणारी असून तिच्यावर शेकडो यार्डांपर्यंतचे आकडे कोरलेले असतात. वर्नियर कॅलिपर आणि मोजपट्टी घेऊन विक्रेत्याकडे अर्धा तास बसलात तर यांतील बहुतेक गोष्टी तुमच्या डोळ्यांसमोर स्पष्ट होतील.

त्यातही नळीचा व्यास आणि आटे यांकडे विशेष लक्ष द्या, कारण हिंदुस्थानातील बंदुकांच्या बाबतीत किमतीचा मोठा फरक तेथेच पडतो. १८५७ नंतर देशी पलटणींच्या हाती लांब पल्ल्याच्या अचूक रायफली द्यायच्या नाहीत असे इंग्रजांनी ठरवले, आणि बाहेरून एनफिल्डसारख्याच दिसणाऱ्या, पण आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका त्यांच्यासाठी काढल्या. सुरुवातीला आधीच्याच नळ्या आतून कातून .६५६ इंचापर्यंत, म्हणजे सुमारे १६.७ मिलिमीटरपर्यंत मोठ्या केल्या, पुढे मुळातच जाड भिंतीच्या नळ्या बनवल्या, आणि शिडीच्या नेमपट्टीऐवजी साधी स्थिर खाच ठेवली. पट्टीवर १८५६ असूनही नळी आतून गुळगुळीत आणि रुंद निघाली, तर तिचा इतिहास हा असण्याची शक्यता पुष्कळ आहे. परदेशी बाजारात अशी बंदूक आटे असलेल्या मूळ नमुन्याहून स्वस्त जाते. माझे स्वतःचे मत विचाराल तर अविश्वासाची इतकी ठळक खूण अंगावर वागवणारी बंदूक येथील इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे, आणि हे जाणणारा संग्राहक भेटला तर तो तसे पैसेही देईल. पण वाटणीच्या हिशेबात अशा एखाद्या ग्राहकाच्या आशेवर किंमत चढवू नये.

आता १८५७ च्या उठावाची गोष्ट. पट्टीवरचे साल हे ती पट्टी केव्हा बनली एवढेच सांगते. बंदूक कोठे आणि कोणाच्या हाती होती हे त्यावरून कळत नाही. त्या उठावाची ठिणगी नव्या एनफिल्डच्या चरबी लावलेल्या काडतुसांनी पडली हे आपण शाळेत शिकतो, पण त्या वेळी बंगालकडील बहुसंख्य देशी शिपायांच्या हाती जुनी, गुळगुळीत नळीची बंदूकच होती; नवी रायफल मुख्यत्वे डमडम, अंबाला आणि सियालकोट येथील प्रशिक्षण केंद्रांत आणि काही गोऱ्या पलटणींत पोहोचली होती. त्यामुळे घरातील आठवणीला कागदाचा आधार नसेल तर तिच्यासाठी एक रुपयाही अधिक धरू नये. आठवण खोटी आहे असा याचा अर्थ नव्हे. तिची किंमत करता येत नाही, इतकाच आहे.

कागद मात्र शोधा, कारण तो तुमच्याच घरात असण्याची शक्यता आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर अशा बंदुका परवान्यावरच ठेवाव्या लागत, आणि जुन्या परवान्यांत, नूतनीकरणाच्या शिक्क्यांत, मामलेदार कचेरीशी झालेल्या पत्रव्यवहारात बंदुकीचे वर्णन पुष्कळदा सापडते. पणजोबांच्या नावाचा एखादा जीर्ण परवाना मिळाला आणि त्यावरील वर्णन या बंदुकीशी जुळले, तर बंदुकीची किंमत निश्चित वाढेल, आणि तो कागद बंदुकीबरोबरच राहिला पाहिजे. वाड्याचे सामान हलवताना जुनी दप्तरे रद्दीत जातात. या एका कारणासाठी तरी ती आधी चाळून घ्या.

खुणांची भाषाही थोडी समजून घ्यावी. ‘टॉवर’ हा शब्द लंडनच्या टॉवरमधील सरकारी शस्त्रव्यवस्थेचा आहे. एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात बनलेल्या पट्ट्यांवर ‘एनफिल्ड’ असे असते. सरकारी लष्करी बंदुकीच्या पट्टीवर मुकुटाखाली व्हिक्टोरिया राणीची ‘व्ही. आर.’ ही अक्षरे, आणि नळीवर किंवा दस्त्यावर सरकारी मालकीचा रुंद बाण अपेक्षित असतो. केवळ मुकुट, साल आणि ‘टॉवर’ असून ती अक्षरे व बाण कोठेच नसतील, तर ती बर्मिंगहॅमच्या व्यापाऱ्यांनी विक्रीसाठी बनवलेली असू शकते. अमेरिकेच्या यादवी युद्धात दोन्ही पक्षांनी अशा बंदुका लाखांनी विकत घेतल्या होत्या. एकमेकांकडे टोके केलेले दोन बाण दिसले, तर ती लष्करी सेवेतून अधिकृतपणे विकून टाकलेली आहे. दस्त्याच्या टोकावरील पितळी पट्टीवर पलटणीची अक्षरे किंवा आकडे कोरलेले असतील तर त्यांचे स्वच्छ छायाचित्र काढा. अशी पलटणीची खूण बंदुकीला गर्दीतून वेगळी काढते आणि किमतीतही ते दिसते.

नकलांचाही विचार करावा लागेल. वायव्य सरहद्दीवरील कारागिरांनी इंग्रजी बंदुकांच्या हुबेहूब नकला पिढ्यान्‌पिढ्या केल्या. त्यांत अक्षरे उलटी, वाकडी किंवा चुकीची कोरलेली दिसतात, आणि व्हिक्टोरिया राणी १९०१ मध्ये निवर्तल्यानंतरचे साल तिच्या अक्षरांशेजारी आढळते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड व इटलीत हौशी नेमबाजांसाठी बनवलेल्या नव्या प्रतीही आहेत. तुमच्या घरातील बंदूक पणजोबांपासून परवान्यावर असल्यामुळे या दुसऱ्या शक्यतेची काळजी नाही, पहिलीची थोडी आहे.

माझ्या दृष्टीने त्याहून मोठा धोका शिकारीसाठी केलेल्या बदलांचा आहे. निरुपयोगी ठरलेल्या लष्करी बंदुका आपल्याकडे शिकारीसाठी वापरल्या गेल्या, आणि त्यासाठी त्यांची नळी कापून आखूड केली गेली, पुढचा दस्ता छाटला गेला, कड्या काढल्या गेल्या, नेमपट्टी बदलली गेली. तुमच्या बंदुकीच्या तिन्ही कड्या जागेवर आहेत हे त्यामुळेच शुभचिन्ह आहे. घोड्याजवळचे स्क्रू, टोपी बसवण्याचा तुकडा आणि गज बदललेला असणे ही किरकोळ उणीव समजावी. दस्त्याला गेलेला तडा, मागाहून बसवलेला लाकडाचा तुकडा किंवा नळीच्या मागच्या भागात गंजाने पडलेले खोल खड्डे ही मात्र मोठी उणीव आहे. मूळची त्रिकोणी पात्याची संगीन घरात कोठे ठेवलेली असेल तर तीही शोधून विक्रेत्याला दाखवा. बंदुकीसोबत तिची किंमत वेगळी धरली जाते.

मूल्यांकन कोणाकडून करून घ्यावे, हा तुमचा खरा प्रश्न आहे. ज्याच्याकडे बंदूक जमा आहे त्या एकट्या विक्रेत्याच्या शब्दावर राहू नका, कारण पुढे विकत घेणाराही तोच असू शकतो. आणखी दोन परवानाधारक विक्रेत्यांना किंवा जुन्या शस्त्रांच्या जाणकारांना तेथेच बोलावून प्रत्यक्ष पाहू द्या. बंदूक तुम्ही स्वतः गाडीतून कोठे नेऊ नका. प्रत्येकाकडून दोन आकडे लेखी मागा: आज तुम्ही ही किती रुपयांना घ्याल, आणि तुमच्या दुकानात ती किती रुपयांना विकायला ठेवाल. पहिल्या आकड्यात विक्रेत्याचे नफ्याचे आणि थांबण्याचे पैसे कापलेले असतात, दुसऱ्यात ते चढवलेले असतात. विकण्याची घाई नसलेला मालक आणि घेण्याची सक्ती नसलेला ग्राहक जेथे भेटतील ती किंमत या दोहोंच्या मधे असते, आणि भावंडांच्या वाटणीसाठी तीच रास्त आहे. दादांनी विक्रेत्याच्या खरेदीच्या आकड्यावर अडून बसू नये, कारण ते बंदूक विक्रेत्याला देत नाहीत. तुम्हीही दुकानातील विक्रीच्या आकड्यावर अडू नये, कारण तुम्हाला दुकान चालवावे लागत नाही. त्याआधी दोघांनी मिळून बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालयातील शस्त्रांचे दालन पाहून यावे, असे मी मनापासून सुचवतो. संग्रहालय किंमत सांगणार नाही, पण जुन्या लोखंडाचे आणि लाकडाचे अस्सल रूप कसे दिसते ते कळल्यावर जाणकाराचे बोलणे समजणे सोपे जाते.

कायद्याची बाजू किमतीपासून वेगळी करता येत नाही. वडिलांच्या परवान्यावरील शस्त्र निधनानंतर जमा करणे योग्यच झाले, पण जमा शस्त्र विहित मुदतीत सोडवून घेतले नाही किंवा विकले नाही तर ते सरकारजमा होऊ शकते, म्हणून वाटणीचा वाद रेंगाळू देऊ नका. वारस म्हणून दादांनी पुणे पोलीस आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना विभागाकडे अर्ज करावा. तुमचे संमतिपत्र त्यासाठी लागेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका बाळगता येतात आणि वारसाने आलेली बंदूकही त्या मोजणीत येते, तेव्हा दादांकडे आधीच दोन असतील तर सगळी योजनाच बदलावी लागेल. पुराणवस्तू ठरलेल्या शस्त्रांना कायद्यात काही सवलती आहेत. तुमची बंदूक त्यांत बसते की नाही याचा निर्णय परवाना अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावा, विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर राहू नये. सवलत मिळावी म्हणून नळीला भोक पाडणे किंवा ती वितळवून बंद करणे असले उपाय कोणी सुचवले तर ठाम नकार द्या. त्याने बंदुकीची किंमत तर जाईलच, सवलत मिळेल याची हमीही नाही. पुढे कधी विकायची झाल्यास घेणारा कायद्याने पात्र असला पाहिजे, आणि त्याआधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते.

वाटणीच्या लेखात किंमत लिहिताना ती कोणत्या तारखेची, कोणत्या तीन लेखी मतांवर आधारलेली आणि बंदुकीची कोणती अवस्था गृहीत धरून ठरवली आहे, हे नमूद करा आणि छायाचित्रे जोडा. त्यासोबत एक कलम आवर्जून घाला: ठरावीक वर्षांत, समजा दहा वर्षांत, दादांनी किंवा त्यांच्या वारसांनी ही बंदूक विकली आणि आज ठरलेल्या किमतीपेक्षा अधिक रक्कम मिळाली, तर देखभाल आणि परवान्याचा खर्च वजा करून उरलेल्या जादा रकमेचा निम्मा वाटा तुम्हाला मिळावा. पणजोबांचा परवाना उद्या सापडला किंवा पितळी पट्टीवरील पलटणीची ओळख पटली, तर वाढलेल्या किमतीत तुमचाही हिस्सा राहील, आणि आज किंमत ठरवताना दोघांनाही शेवटच्या हजार रुपयांसाठी ताणून धरण्याचे कारण उरणार नाही.